जुनी ओळख

आईचं स्वतःचं अकाउंटिंगचं ऑफिस सुरू व्हायला दोनच दिवस उरले होते. नवा राऊटर परवडेना, म्हणून जुना निवडायचं काम दहावीतल्या ऋजुतानं ऐटीत अंगावर घेतलं.

"काका, आधी चालू करून दाखवा."

"अहो ताई, आम्ही रद्दी विकत नाही," दुकानदार म्हणाला. "हडपसरच्या बंद पडलेल्या कंपनीतला माल आहे."

राऊटरचे दिवे लागले आणि आईचा फोन पासवर्ड न मागताच त्याच्या वायफायला जोडला गेला. ऋजुता चाटच पडली.

"आई, हा तुला ओळखतो?"

"ओळखणारच! सहा वर्षं एकाच ऑफिसात होतो. त्यांनी मला काढलं, याला ठेवलं." आई खुदकन हसली. "घे गं. आता माझ्या हाताखाली काम करू दे त्याला."