गिअरऑईल

खड्ड्यात उतरण्याआधी दानेश्वरीनं साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला. उद्यमनगरात तिच्या नवऱ्याचा, सोमशेखरचा, लेथचा कारखाना. घर बांधताना त्यानं पोर्चमध्ये मुद्दाम हा खड्डा काढून घेतला होता, गाडीच्या पोटाखाली उभं राहून काम करता यावं म्हणून. खड्ड्यावर त्याची जर्मन गाडी उभी होती, चाकांना लाकडी ठोकळे लावलेली. तो स्वतः पुढच्या बाजूला खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्या हातात काठी.

शोरूमवाले सांगायचे, या ऑटोमॅटिक गिअरचं तेल जन्मभर बदलावं लागत नाही. "कुणाच्या जन्मभर?" असं विचारून सोमशेखर हसायचा आणि काही वर्षं झाली की इथंच स्वतःच्या हातानं तेल बदलायचा. दुसऱ्या कुणाला बोल्टला पाना लावू द्यायचा नाही. यावेळचे डबेसुद्धा त्यानंच आणून ठेवले होते. मग पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि सगळ्या बोलण्यातला एकच शब्द उरला. व्हय. भूक लागली तरी व्हय, जेवण नको असलं तरी व्हय.

व्यायाम करून घ्यायला येणारी बाई मध्ये एकदा म्हणाली, डावा हात, डावा पाय एकदम चांगला आहे. दानेश्वरीनं तेवढंच धरून ठेवलं. गाडीला क्लच नव्हता. गिअर डाव्या हातालाच होता.

"आधी तेल बदलू," ती त्याला म्हणाली होती, "मग एका रविवारी तुम्हीच मला पन्हाळ्याला न्यायचं. सावकाश जाऊ की."

त्या दिवसापासून तो न सांगता काठी घेऊन गाडीभोवती फेऱ्या मारायला लागला होता.

तिनं खालच्या बोल्टला पाना लावला. वरून काठी फरशीवर आपटली.

"व्हय! व्हय!"

"काय चुकलं?"

काठीचं टोक वर वर हलत होतं.

"भरायचा बोल्ट आधी खोलू?"

"व्हय." हा व्हय शांत होता.

तिला उशिरा उमगलं. आधी सगळं तेल सोडलं असतं आणि वरचा बोल्ट जाम निघाला असता, तर नवं भरायचं कुठून? गाडी खड्ड्यावरच अडकून पडली असती.

जुनं तेल घमेल्यात उतरलं, काळं. तिनं त्यात बोट बुडवलं आणि वर येऊन त्याच्या नाकाशी धरलं. त्यानं वास घेतला, तोंड वाकडं केलं.

"जळकं हाय न्हवं? मला वाटलंच."

तो हसला. अर्ध्याच ओठानं, पण हसला. पंपानं नवं तेल भरताना ती खाली एकटीच गुणगुणत होती.

मग तिनं त्याला धरून स्टिअरिंगमागं बसवलं. बसल्याबसल्या त्यानं आरसा नीट केला. पाठ ताठ झाली. तिला वाटलं, आत्ता हॉर्न वाजवेल आणि म्हणेल, आटप लवकर.

"डाव्या पायानं ब्रेक दाबून ठेवा. मी खालनं सांगंन तसा एकेक गिअर टाका. तेल सगळीकडं फिरायला पायजे."

"व्हय."

इंजिन सुरू झालं. ती खड्ड्यात जाऊन उभी राहिली. खड्ड्याच्या मागच्या पायऱ्यांतून गाडीमागची कंपाउंडची भिंत दिसत होती.

"रिव्हर्स टाका."

गिअरबॉक्सला हलका हिसका बसला. भिंतीवर रिव्हर्सच्या दिव्याचा पांढरा उजेड पडायला हवा होता. भिंत तशीच राहिली.

"रिव्हर्स, अहो."

"व्हय."

भिंत तशीच.

"बरं. आता ड्राईव्ह टाका."

भिंत पांढरी झाली.

दानेश्वरीला पेपर आठवला. मागच्या आठवड्यात तिनं चुकून आदल्या दिवशीचाच पेपर त्याच्यापुढं ठेवला होता. त्यानं तो पहिल्या पानापासून शेवटापर्यंत बघितला होता आणि घडी घालून ठेवला होता. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

ती वर आली. दाराशी उभी राहिली. सोमशेखर स्टिअरिंगमागच्या काचेवरच्या गिअरच्या अक्षरांकडं, R आणि D कडं, बघत होता. कपाळ घामानं भिजलं होतं. पाय मात्र ब्रेकवर घट्ट होता.

"व्हय?" त्यानं विचारलं. हा शब्द आजवर त्याच्याकडून प्रश्न होऊन कधी आला नव्हता.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "सगळे बरोबर पडले."

तो तिच्याकडं बघत राहिला. तिला खोटं बोलता येत नाही हे त्याला लग्नापासून माहीत होतं.

त्यानं बटण दाबून गाडी बंद केली. डाव्या हातानं उजवा पाय उचलून बाहेर ठेवला. ती हात द्यायला पुढं झाली, तर त्यानं मान हलवली. एका हातानं काठी टेकत, कंबर बॉनेटला घासत तो गाडीला वळसा घालून गेला, डावीकडचं दार उघडलं आणि तिच्या नेहमीच्या जागेवर बसला. समोर बघत.

 ती स्टिअरिंगमागं बसली. तिला फक्त स्कूटर येत होती. सीट पुढं ओढून घेतली, ब्रेक दाबला, गाडी सुरू केली.

गिअरचा दांडा आता त्याच्या उजव्या बाजूला आला होता. सोमशेखरनं डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि दांड्यावर ठेवला. हात घसरून पडला. त्यानं पुन्हा उचलून ठेवला.

यावेळी दानेश्वरीनं आपला तेलकट हात त्याच्या हातावर ठेवला आणि दाबून धरला.