दोन्हीकडून स्पष्ट

"तुरुंग?"

"स्पष्ट."

"रक्तपेढी?"

"स्पष्ट, मॅडम."

तिने कळ सोडली आणि पुढच्या कळीवर बोट ठेवलं. सरकारच्या आपत्ती कक्षात सकाळची ही चाचणी तिचीच. ज्या ज्या कचेरीत संकटकाळचा लाल फोन होता, तिथे ती रोज घंटा देई. पलीकडचा माणूस उचले, आवाज कसा येतो तेवढं सांगे आणि ठेवून देई. पुढे अवांतर एक अक्षर बोलायचं नाही, असा दंडक.

आज शेजारी नवा इंजिनीअर खुर्ची ओढून बसला होता. दोन्हीकडून 'स्पष्ट' आलं की तो आपल्या पडद्यावर टिचकी मारायचा आणि ती लाइन यंत्राच्या ताब्यात जायची. उद्यापासून यंत्रच सगळं तपासणार होतं. घंटा न देता.

"सुटलात, ताई," तो म्हणाला. "रोजचं हे हॅलो हॅलो! घसा कसा बसला नाही हो तुमचा?"

"बसला होता मध्यंतरी. वरच्या चौकीच्या तेवढा लक्षात आला."

"आता सकाळी आरामात या. घरचे खूश होतील."

"घरी मी एकटीच. गेल्यावर दिवा तेवढा लावायचा असतो," ती म्हणाली.

तो पडद्यात बघू लागला.

वरची चौकी ती नेहमी शेवटी घेई. धरणाच्याही वर, नदी डोंगरातून उतरते तिथे पाण्याची पातळी बघायला एक खोली होती. आधी दोघं असत. एक निवृत्त झाला, त्याची जागा काही भरली गेली नाही. मोबाइलला तिथे रेंज नव्हती. होता तो हाच एक फोन, आणि तिकडून आपणहून तो पूर आला तरच उचलायचा. उरलेल्या माणसाला तिने कधी पाहिलं नव्हतं. तो तिला कंट्रोल म्हणे, ती त्याला चौकी. दंडक मोडे तो इथेच, आणि तोही एखाद्या वाक्यापुरता.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"बोला, कंट्रोल. आज उशीर? मला वाटलं, विसरलात गरिबाला."

स्पीकर चालू होता. इंजिनीअर गालातल्या गालात हसला.

"चौकी, एक सूचना आहे," ती म्हणाली. "उद्यापासून लाइन यंत्र तपासणार. घंटा वाजणार नाही. तुम्ही काही करायचं नाही."

"उचलायचाही नाही?"

"नाही."

पलीकडून पाण्याचा आवाज आला.

"मग लाइन चालू आहे, हे मला कसं कळायचं?"

"यंत्राला कळेल."

"हां. यंत्राला कळेल. आणि बिघडली तर?"

"बिघडली तर दुरुस्त होईपर्यंत माणसानंच रोज विचारायचं. तसा नियम आहे."

"अस्सं."

इंजिनीअरने घड्याळ पाहिलं. "घ्या ताई, शेवटचीच आहे. उरकून टाकू."

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. खरखर आहे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेपर्यंत आले. पण खोटं तिच्याच्याने आजवर बोलवलं नव्हतं, आणि हा तर पुराचा फोन.

"चौकी, इकडे आवाज स्पष्ट. तुमच्याकडे?"

इंजिनीअरने टिचकीसाठी बोट उचललं.

"चौकी?"

"नाही येत," तो म्हणाला.

इंजिनीअर पुढे वाकला. "काय येत नाही? अहो काका, आत्तापर्यंत गप्पा मारत होतात की!"

"कोण बोलतंय? नुसती भुणभुण ऐकू येतेय."

"ऐकू आलं म्हणूनच विचारताय ना, कोण बोलतंय ते!"

"काय? ते काका म्हणालात त्याच्या पुढचं काही कळलं नाही."

इंजिनीअरने कपाळाला हात लावला. "ताई, हा माणूस आपल्याला बनवतोय. तुम्हीच सांगा, तिकडे आवाज जातोय की नाही?"

ती फोनकडे बघत होती. "तिकडे काय ऐकू येतं, ते तिकडच्याच माणसाला ठाऊक," ती हलकेच म्हणाली.

"अहो, दरडीने बंद पडलेला वरचा रस्ता खुला झाल्याशिवाय दुरुस्तीवाले जाणार नाहीत. महिना तरी जाईल. तोवर या एका लाइनसाठी रोज सकाळी येऊन विचारत बसणार तुम्ही?"

"बसेन."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. टिचकी न मारताच त्याने पडदा मिटला, चहा घेऊन येतो म्हणाला आणि जाताना दार ओढून घेतलं.

समोरच्या फळीवर बाकी सगळ्या कचेऱ्यांचे हिरवे दिवे लागले होते. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

तिने स्पीकर बंद केला. रिसीव्हर कानाशी नेला.

"चौकी, आता येतंय का ऐकू?"

"अजिबात नाही," तो म्हणाला. "बोला."