टाकीच्या तळाशी

नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सोसायटीत सांगून सांगून थकल्या. त्यांच्या लेकीचे जुलाब काही केल्या थांबत नव्हते. गच्चीवरच्या टाकीत वाकून पाहिलं तर नुसता अंधार. मग आत काय आहे ते आधी नीट कळू दे, असं ठरलं आणि पाण्याखाली चालणारा कॅमेरा निवडायला कमिटी बसली. कुणाला दिव्याचा हवा, कुणाला रुंद भिंगाचा. महिनाभर खल करून एकदाचा कॅमेरा आला. सेक्रेटरींनी तो काठीला बांधून टाकीत सोडला आणि संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये, मोठ्या टीव्हीवर फोटो झळकला. हिरव्यागार शेवाळात पंख पसरून एक कबूतर मरून पडलं होतं.

"काय क्लिअर आलाय हो!" खजिनदार हातातला चहा सावरत पुढे सरकले. "पीस न् पीस मोजून घ्या!"

टाळ्या पडल्या. वहिनी मात्र उठून उभ्या राहिल्या.

"अहो, मग उद्याच टाकी उपसून घेऊ या ना?"

सेक्रेटरींनी चहाचा घोट घेतला.

"उद्या कसं जमेल, वहिनी? उद्या ऊन चांगलं पडणार आहे. कबुतराचा दुसऱ्या बाजूनं फोटो घ्यायचा राहिलाय."