सहा वाव पाणी

शिडाची होडी किनाऱ्याकडे सरकत होती. नांगर टाकण्याआधी कप्तानाच्या मेहुण्याने शिसं बांधलेली दोरी तळापर्यंत सोडली, वर ओढली आणि हात पसरून मोजली. पसरलेले दोन हात म्हणजे एक वाव.

"सहा वाव पाणी, दाजी!"

"तुझे हातच आखूड. मागे तुझ्याच मापाने वाळूत रुतलो होतो."

"माझ्या बहिणीला मागणी घालायला आलात, तेव्हा नाही मोजलेत ते!"

"अर्धा वाव," पाण्याखालून कोणीतरी शांतपणे म्हणालं.

कप्तान वाकून खेकसला, "अर्धा? मग होडी तरंगते कशी?"

"माझ्या हातांनी," खालून खुलासा आला.

मेहुण्याने मनात हिशोब केला. "दाजी, अर्धा वाव म्हणजे एकच हात. तळापासून थेट इथपर्यंत."

शिडात वारा गच्च भरलेला होता, तरी होडी अलगद थांबली.