कौशिकचा सूट

बँकेच्या बदलीनं २००७ साली जयपूरला आलेल्या अनिमेषला सुट्टीत जाऊन गंगेच्या खळाळात कॅनोइंग करायचं होतं. पण दुकानातला प्रत्येक ड्रायसूट, पाणी आत न येऊ देणारा अंगभर पोशाख, गळ्याशी आवळायचा. शेजारचे उमाकांतकाका म्हणाले, "आमच्या मुलाचा, कौशिकचा घालून बघ. गळ्याचं रबर त्याच्या मापानं कापलंय."

सूट बेतल्यासारखा बसला. काकूंनी त्याला वाकायला लावलं, उकिडवं बसायला लावलं. "काचत नाही ना रे?"

"अजिबात नाही."

सूट उतरवला, तर पायातले मोजे ओलेचिंब. मे महिन्यात, बर्फासारखं पाणी!

"काका, यात थेंबही शिरत नाही ना? कौशिकनं नदीवरून परत आल्यावर वाळवला नव्हता का?"

काकू सूटची घडी घालत म्हणाल्या, "तो कुठे परत आला? रिकामा सूट तेवढा सापडला. चेन लावलेलीच होती."