घरपट्टी वसूल

शिंपीकाकांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दरवर्षी घरपट्टी भरताना त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "यातला निम्मा पैसा शाळेला जातो! आपल्या घरातून कोण जातंय शाळेत?"

यंदा मात्र त्यांनी पैसे वसूल करायचंच ठरवलं आणि सकाळीच जाऊन तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर ठाण मांडलं. बाईंनीही हसून बसू दिलं.

दुपारी काका मान खाली घालून घरी आले.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"वर्गात फार बडबड केली. बाईंनी उद्या पालकांना घेऊन यायला सांगितलंय."



काकू कपाटातून ठेवणीतले कपडे काढत म्हणाल्या, "किती वाजता?"