बेतानं

पोलीस भरतीच्या ग्राउंडला सोनम सगळ्या पोरींच्या पुढं होती, पण लेखी परीक्षेआधीच वडिलांनी तिचं लग्न उरकून टाकलं.

आज कोरेगावात लेकीच्या शाळेत आयांची शर्यत होती. तिनं पदर खोचला, तशा नातीचा हात धरून उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "जरा बेतानं पळ गं, गाव बघतंय."

शिट्टी वाजली आणि पायांना जुनं सगळं आठवलं. दोरी चार पावलांवर असताना तिला सासूबाई दिसल्या. ती हळू झाली आणि तिसरी आली.

मग मुलींची शर्यत लागली. लेक शिवांजली सगळ्यांच्या पुढं होती, पण दोरीजवळ येऊन रेंगाळली.



शाबासकीच्या आशेनं ती सोनमला बिलगली. "आई, मी बी बेतानंच पळाले."